अतिनवताऱ्यांचे शोधक : फ्रिट्झ झ्विकी

आमच्या भागात दसऱ्यानंतर आकाश निवळू लागते. निपाणीच्या माळावर किंवा बेळगावच्या वेशीबाहेर एखाद्या शेताच्या बांधावर रात्री उभे राहिले, की डोक्यावरचा तो अफाट चांदणमांडव पाहून मन थक्क होते. आजोबांनी जे तारे पाहिले तेच आपण पाहतो, आणि आपल्यामागून येणारेही तेच पाहतील, असा एक दिलासा त्या दृश्यात असतो. विवाहप्रसंगी वधूवरांना ध्रुव आणि अरुंधती दाखविण्याची रीत याच विश्वासातून आली असावी. ताऱ्यांइतके अढळ दुसरे काय असणार?

परंतु तारेही जन्मतात आणि मरतात. काही तारे तर असे मरतात, की त्या एका ताऱ्याचे तेज काही दिवस अब्जावधी ताऱ्यांच्या एकत्रित तेजाशी स्पर्धा करते. अशा ताऱ्याला अतिनवतारा म्हणतात. सुपरनोव्हा हे त्याचे जगभर रूढ असलेले नाव. ज्या पुरुषाने या मरणाऱ्या ताऱ्यांचा माग काढण्याचे व्रत घेतले आणि ते जवळजवळ चाळीस वर्षे पाळले, त्या फ्रिट्झ झ्विकी यांचे चरित्र या वार्षिकांकाच्या वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

इतक्या दूरच्या शास्त्रज्ञाशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. निपाणीपासून फार दूर नसलेले, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ, नरसोबाच्या वाडीच्या शेजारी वसलेले कुरुंदवाड आपणांस ठाऊक आहे. पूर्वी ते पटवर्धनांचे संस्थान होते. त्या गावी १९५६ साली जन्मलेले आणि पुढे हुबळीस वाढलेले श्रीनिवास कुलकर्णी हे आज जगातील अग्रगण्य खगोलशास्त्रज्ञांत गणले जातात. झ्विकी यांनी ज्या डोंगरावर हे काम आरंभिले, त्याच डोंगरावर कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली ते यंत्रांच्या साह्याने पुढे नेण्यात आले, आणि त्या योजनेस झ्विकी यांचेच नाव दिले गेले. एका टोकाला कुरुंदवाड असलेल्या या धाग्याचे दुसरे टोक कोठे आहे, ते आता पाहू.

फ्रिट्झचा जन्म १४ फेब्रुवारी १८९८ रोजी बल्गेरियातील वार्ना या बंदराच्या शहरी झाला. वडील स्वित्झर्लंडचे, व्यापारानिमित्त तेथे जाऊन राहिलेले. आई चेक वंशाची. घरात एक भाषा, रस्त्यावर दुसरी, बंदरावर तिसरी, अशा वातावरणात त्याची पहिली वर्षे गेली. आपल्या सीमाभागातील मुलांना हे निराळे सांगावयास नको. सहा वर्षांचा असताना त्याला आईवडिलांपासून दूर, स्वित्झर्लंडमधील ग्लारुस येथे आजीआजोबांकडे धाडण्यात आले. मुलाने व्यापाराचे शिक्षण घ्यावे आणि वडिलांच्या वळणावर जावे, अशी योजना होती. आमच्या निपाणीच्या तंबाखूच्या पेठेत वडिलांच्या गादीवर बसण्यासाठीच ज्यांना शिकविले जाते, त्या मुलांना त्याची अवस्था सहज उमजेल.

पण ग्लारुसच्या डोंगरांत वाढलेल्या त्या मुलाचे मन हिशेबाच्या वहीत रमेना. गणित आणि पदार्थविज्ञान या विषयांनी त्याला ओढून घेतले. झुरिक येथील ज्या तंत्रविद्यापीठात आइन्स्टाइन शिकले होते, तेथेच त्याने शिक्षण घेतले आणि १९२२ साली स्फटिकांच्या रचनेवरील संशोधनाबद्दल डॉक्टरेट मिळविली. गिर्यारोहणाचा छंद त्याला याच डोंगरांनी लाविला. कड्यावर चढणाऱ्याला एकट्याने निर्णय घेण्याची सवय जडते. ती सवय त्याच्या स्वभावातही उतरली असे आम्हांस वाटते. तिचे फायदे आणि तोटे दोन्ही त्याला पुढे भोगावे लागले.

१९२५ साली रॉकफेलर प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती घेऊन झ्विकी अमेरिकेस गेले आणि कॅलिफोर्नियातील पासाडेना येथील तंत्रविद्यापीठात, मिलिकन या थोर पदार्थवैज्ञानिकांच्या विभागात दाखल झाले. पुढील सारे आयुष्य त्यांनी तेथेच वेचले. मात्र स्वित्झर्लंडचे नागरिकत्व त्यांनी कधीही सोडले नाही.

पासाडेना येथे त्यांची दृष्टी आकाशाकडे वळली. जवळच माउंट विल्सनवर त्या काळातील सर्वांत मोठी दुर्बीण होती आणि तेथे जर्मनीहून आलेले वाल्टर बाडे हे कुशल निरीक्षक काम करीत होते. आकाशात अधूनमधून नवतारे दिसतात, म्हणजे एखादा फिकट तारा एकाएकी उजळतो आणि काही आठवड्यांत पुन्हा मंद होतो, हे पूर्वीपासून माहीत होते. परंतु १८८५ साली देवयानी दीर्घिकेत दिसलेला तारा या सर्वांहून निराळा होता. ती दीर्घिका आपल्यापासून किती दूर आहे हे जेव्हा कळले, तेव्हा त्या ताऱ्याचे खरे तेज सामान्य नवताऱ्याच्या हजारो पट असले पाहिजे, हे उघड झाले. ही जातच वेगळी, असे झ्विकी आणि बाडे यांनी ठरविले आणि तिला सुपरनोव्हा हे नाव दिले.

नुसते नाव देऊन ते थांबले नाहीत. एवढी ऊर्जा येते कोठून, हा खरा प्रश्न होता. अणूच्या गर्भातील न्यूट्रॉन या कणाचा शोध चॅडविक यांनी १९३२ साली लाविला होता. त्यानंतर दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच, १९३३ च्या डिसेंबरात, झ्विकी आणि बाडे यांनी एक धाडसी कल्पना मांडली. प्रचंड ताऱ्याचा गाभा स्वतःच्याच भाराने कोसळतो. त्यातील द्रव्य इतके दाबले जाते, की केवळ न्यूट्रॉनांचा एक लहानसा गोळा उरतो. आणि या कोसळण्यातून सुटलेली ऊर्जा ताऱ्याचे बाह्य थर उधळून लावते. सूर्याहून अधिक वस्तुमान असलेला पण एखाद्या शहराएवढाच तारा! ही कल्पना त्या वेळी अनेकांना अतिरंजित वाटली, आणि पुढे सुमारे तेहेतीस वर्षे असा तारा कोणाच्या दृष्टीस पडला नाही.

कल्पना मांडणे सोपे; पुरावा मिळविणे कठीण. एका दीर्घिकेत असा स्फोट कित्येक दशकांतून, कदाचित शतकातून, एखाद्याच वेळी होतो. आपल्या आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांनी दिसलेला शेवटचा अतिनवतारा १६०४ सालचा. त्याच्या आधीचा १५७२ सालचा. एका दीर्घिकेकडे टक लावून बसले, तर माणसाचा जन्म सरून जाईल. मग उपाय काय? झ्विकी यांचा हिशेब सरळ होता. एका दीर्घिकेकडे शंभर वर्षे पाहण्याऐवजी शेकडो दीर्घिकांकडे एक वर्ष पाहावे, म्हणजे काही ना काही हाती लागेलच.

१९३४ साली त्यांनी विद्यापीठाच्या इमारतीच्या गच्चीवर एक लहानसा कॅमेरा बसविला. त्याचे भिंग अवघे सव्वातीन इंचांचे होते. त्यातून ते कन्या राशीतील दीर्घिकांच्या समूहाची छायाचित्रे घेत राहिले. दोन वर्षे हा उद्योग चालला आणि या दोन वर्षांत त्यांना एकही अतिनवतारा सापडला नाही. ज्याची कल्पना आधीच चेष्टेचा विषय झाली आहे, त्याने दोन वर्षे रिकाम्या हातांनी काढावी, याचा अर्थ काय होतो, हे ज्यांनी परीक्षेत एकदा तरी अपयश पाहिले असेल त्यांना समजेल. दुसरा कोणी असता तर त्याने विषय बदलला असता. झ्विकी यांनी साधन बदलावयाचे ठरविले.

याच सुमारास जर्मनीत बर्नहार्ड श्मिट या भिंगकाराने एक विलक्षण दुर्बीण घडविली होती. मुलपणी दारूच्या स्फोटात एक हात गमावलेल्या या गृहस्थाने उरलेल्या एका हाताने भिंगे घासून असा कॅमेरा सिद्ध केला, की आकाशाचा विस्तीर्ण भाग एकाच चित्रात स्पष्ट उमटावा. बाडे यांनी श्मिट यांना जवळून पाहिले होते, आणि त्यांच्याकडून ही वार्ता कॅलिफोर्नियात आली. झ्विकी यांनी तशीच दुर्बीण बांधण्याचा आग्रह धरला. १९३६ साली पालोमार नावाच्या डोंगरावर अठरा इंची श्मिट दुर्बीण उभी राहिली. त्या डोंगरावरील ती पहिलीच दुर्बीण. पुढे जगप्रसिद्ध झालेली दोनशे इंची दुर्बीण तेथे आली ती त्यानंतर बारा वर्षांनी.

काम कसे चालत असे ते सांगणे येथे अवश्य आहे. निरभ्र आणि चांदणे नसलेल्या रात्री झ्विकी ठरावीक दीर्घिकासमूहांची छायाचित्रे घेत. काही दिवसांनी त्याच भागांची पुन्हा छायाचित्रे घेतली जात. मग जुनी आणि नवी फिल्म शेजारी ठेवून भिंगाखाली ठिपक्यामागून ठिपका ताडून पाहावयाचा. या कामी जोसेफ जॉन्सन हे त्यांचे साहाय्यक होते. जुन्या चित्रात नसलेला एखादा ठिपका नव्या चित्रात दिसला, तर तो धुळीचा कण आहे, फिल्मवरील डाग आहे, वाटेने जाणारा लघुग्रह आहे, की खरोखरच दूर कोठे तरी एक तारा मेला आहे, हे ठरवावे लागे. शेकडो चित्रे पाहावी, तेव्हा एखादा खरा ठिपका मिळावा.

१९३७ साली या परिश्रमांना फळ येऊ लागले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये श्यामशबल तारकासमूहातील एका लहानशा दीर्घिकेत त्यांना एक अतिनवतारा सापडला. ज्या दीर्घिकेत तो होता, तिच्याहून तो एकटाच कितीतरी पट तेजस्वी होता. बाडे यांनी त्याच्या तेजाचा चढउतार मोजला, तर मिन्कोव्हस्की यांनी अशा ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण केले आणि १९४१ साली अतिनवताऱ्यांचे दोन वर्ग पाडले. ते वर्गीकरण सुधारून आजही वापरात आहे. पहिल्या काही वर्षांतच त्या छोट्या दुर्बिणीने एक डझन अतिनवतारे दिले. आयुष्यभरात झ्विकी यांच्या नावावर सुमारे १२० अतिनवतारे जमा झाले.

त्यांची इतर कामगिरीही थोडी नाही. १९३३ साली अरुंधती-केश तारकासमूहातील दीर्घिकांचा वेग अभ्यासताना त्यांच्या ध्यानी आले, की दिसणाऱ्या द्रव्याचे आकर्षण इतक्या वेगवान दीर्घिकांना एकत्र बांधून ठेवण्यास पुरेसे नाही. तेथे न दिसणारे द्रव्य भरपूर असले पाहिजे. हे कृष्णद्रव्य आज विश्वविज्ञानातील एक मोठे कोडे मानले जाते. १९३७ साली त्यांनी असेही सुचविले, की एखादी दीर्घिका आपल्या आकर्षणाने मागील प्रकाश वाकवून भिंगाचे काम करू शकेल. १९७९ साली त्याचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. तो पाहण्यास ते उरले नव्हते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एरोजेट या संस्थेत त्यांनी अग्निबाणांच्या एंजिनांवर संशोधन केले, आणि त्याबद्दल १९४९ साली अमेरिकेच्या अध्यक्षांकडून त्यांना स्वातंत्र्यपदक मिळाले. याहूनही आम्हांस मोठी वाटते ती त्यांची दुसरी सेवा. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांतील ग्रंथालयांसाठी त्यांनी शास्त्रीय ग्रंथ आणि नियतकालिके गोळा करून पाठविली. अनाथ मुलांसाठी काम करणाऱ्या पेस्टालोत्सी संस्थेसाठीही ते झटले. सहाव्या वर्षी आईवडिलांपासून दुरावलेल्या मुलाला पोरक्या मुलांचे दुःख कळले असेल, तर त्यात नवल नाही.

आता एक अप्रिय गोष्ट. चरित्र लिहिताना ती झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. झ्विकी यांची वाणी कठोर होती. सहकाऱ्यांच्या चुका ते चारचौघांत दाखवीत, आपल्या श्रेयाविषयी ते फार जागरूक असत, आणि बाडे यांच्याशी असलेला त्यांचा स्नेहही पुढे वैरात बदलला. परिणामी त्यांच्या चांगल्या कल्पनांकडेही लोकांनी पाठ फिरविली. आपले म्हणणे खरे असले, तरी तेवढ्यावर माणसे जोडली जात नाहीत. झ्विकी बरोबर होते, आणि तरीही एकटे होते. त्यांच्या बुद्धीचे अनुकरण करू इच्छिणाऱ्याने या एकटेपणाचाही विचार करावा.

परंतु काळाने त्यांना न्याय दिला. १९६७ साली जॉसलिन बेल या तरुण विद्यार्थिनीला आकाशातून ठराविक ठेक्याने येणारे रेडिओ स्पंद आढळले. ते गरगर फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचे होते, हे लवकरच सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, १०५४ साली चीनमध्ये नोंदल्या गेलेल्या अतिनवताऱ्याच्या अवशेषात, म्हणजे खेकडा तेजोमेघात, तसाच तारा सापडला. मेलेल्या ताऱ्याच्या जागी न्यूट्रॉनांचा गोळा उरतो, हे झ्विकी आणि बाडे यांचे भाकीत अक्षरशः खरे ठरले. १९६८ साली झ्विकी निवृत्त झाले. १९७२ साली इंग्लंडच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले, आणि ८ फेब्रुवारी १९७४ रोजी पासाडेना येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांची समाधी मात्र स्वित्झर्लंडमध्ये, ग्लारुसच्याच डोंगराळ मुलखात, मोलिस गावी आहे.

झ्विकी गेले, काम राहिले. फिल्म ताडून पाहण्याच्या पद्धतीत एक उणीव होती. ठिपका सापडेपर्यंत स्फोटाला बहुधा कित्येक दिवस किंवा आठवडे उलटून गेलेले असत. घर जळून गेल्यावर राखेवरून आग कशी लागली हे ठरवावे, तशी ही गत. ताऱ्याचा आकार केवढा होता, मरणापूर्वी त्याने किती वायू बाहेर टाकला होता, याच्या खुणा स्फोटानंतरच्या पहिल्या काही तासांत दिसतात आणि मग कायमच्या पुसल्या जातात. म्हणून अतिनवतारा बाल्यावस्थेतच गाठला पाहिजे. मानवी डोळ्याला हे झेपणारे नव्हते. त्यासाठी स्वयंचलित यंत्र हवे होते.

पालोमारवरच १९४८ साली उभी राहिलेली अठ्ठेचाळीस इंची श्मिट दुर्बीण या कामी आली. तिच्यावर फिल्मऐवजी इलेक्ट्रॉनिक कॅमेरा बसविण्यात आला आणि २००९ साली कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली नवी शोधमोहीम सुरू झाली. आता दुर्बीण रात्रभर स्वतःच आकाश पालथे घालते. संगणक नव्या चित्रातून जुने चित्र वजा करतो, उरलेल्या ठिपक्यांतून खोटे वगळतो, आणि खरा वाटणारा ठिपका दिसताच वार्ता धाडतो. मग दुसऱ्या दुर्बिणी त्या दिशेला वळतात. ऑगस्ट २०११ मध्ये सप्तर्षींच्या शेपटीजवळील एका दीर्घिकेत या मोहिमेने एक अतिनवतारा स्फोटानंतर अवघ्या अर्ध्या दिवसाच्या आत पकडला, आणि फुटलेला तारा श्वेत बटू होता हे त्यावरून निश्चित झाले. २०१३ साली तर एक अतिनवतारा स्फोटानंतर सुमारे तीन तासांतच गाठला गेला. त्या ताऱ्याने मरणापूर्वीच्या थोड्याच काळात आपल्याभोवती वायूचे आवरण टाकले होते, हे त्याच्या प्रकाशावरून दिसून आले.

२०१७ साली त्याच दुर्बिणीवर साठ कोटी बिंदूंचा नवा कॅमेरा आला. त्याच्या एकाच चित्रात दोनशेहून अधिक पूर्णचंद्र मावतील एवढे आकाश येते. या योजनेस झ्विकी यांचे नाव दिले आहे. २०२४ अखेरपर्यंत तिच्याद्वारे दहा हजारांहून अधिक अतिनवताऱ्यांचे वर्गीकरण झाले. कोठे दोन वर्षांतील शून्य, कोठे आयुष्यभराचे सुमारे १२०, आणि कोठे हे दहा हजार! पालोमारवर सूर्य उगवला, की पाहण्याचे काम पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला सोपवावे लागते. त्यासाठी लडाखमधील हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, मुंबईची आय. आय. टी. आणि बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी ७० सेंटिमीटर व्यासाची स्वयंचलित दुर्बीण उभारली. २०१८ पासून ती काम करू लागली.

यातून आपणांस मिळाले काय, असा व्यवहारी प्रश्न आमच्या पेठेत हमखास विचारला जाईल. त्याचे उत्तर आपल्या हातातच आहे. ऊस तोडणाऱ्या कोयत्यातील लोखंड आणि तो चालविणाऱ्या हाताच्या रक्तातील लोह, हे दोन्ही कधी काळी अशाच फुटलेल्या ताऱ्यांतून आले. आपण ज्या मातीत जन्मलो, ती माती कोणत्या भट्टीत तयार झाली, हे जाणून घेण्याची इच्छा काही अव्यवहारी म्हणता येणार नाही.

वाचकहो, आमच्या या भागात मुलाने कोणत्या भाषेत शिकावे आणि कोणत्या गावचे म्हणवावे, याची चर्चा पुष्कळ होते. झ्विकी एका देशात जन्मले, दुसऱ्यात वाढले, तिसऱ्यात झिजले, आणि त्यांची नजर यांपैकी कोणत्याच सीमेत मावली नाही. येत्या हिवाळ्यात एखाद्या रात्री आपण गच्चीवर जाल, तेव्हा पासाडेनाच्या गच्चीवरील त्या सव्वातीन इंची भिंगाची आठवण ठेवा. ज्या दोन वर्षांत त्यातून काहीच दिसले नाही, त्या दोन वर्षांवरच पुढचे सारे उभे आहे. आज अपयशाने खिन्न झालेल्या आमच्या एखाद्या विद्यार्थ्याने एवढे जरी ध्यानात घेतले, तरी हे चरित्र लिहिण्याचे आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.